मॉरिशसमधील मराठी मंडळी

तापीच्या खोऱ्यातील माणसास पोटासाठी परमुलखात जाणे नवे नाही. धुळे-नंदुरबारकडील कित्येक कुटुंबे सुरतेच्या मागांवर जाऊन तेथेच स्थायिक झाली. चाळीसगावच्या बाजूच्या टोळ्या दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. जाणारा माणूस बरोबर काय नेतो, असे विचारल्यास कोणीही सांगेल : चार भांडी, एक वळकटी आणि देव्हाऱ्यातील टाक. परंतु याखेरीज आणखी एक वस्तू तो नकळत नेत असतो. ती म्हणजे त्याची भाषा. तिला वजन नाही म्हणून ती न्यावयास सोपी, आणि वजन नाही म्हणूनच ती हरवावयासही सोपी. ही वस्तू सांभाळण्यासाठी उसाच्याच कामावर गेलेल्या मराठी माणसांनी समुद्रापलीकडे काय केले, याचा इतिहास खानदेशातील वाचकांना परका वाटू नये.

आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्करच्याही पलीकडे, मॉरिशस नावाचे बेट आहे. आकाराने ते जळगाव जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान. १८१० साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. पुढे १८३५ साली तेथील गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. ती भरून काढण्यास हिंदुस्थान जवळ होता. १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे पोर्ट लुईच्या धक्क्याला लागू लागली, व १९१० च्या सुमारास ही पद्धत थांबेपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या धक्क्यावर उतरली. त्या जागेस आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिची गणना जागतिक वारशात झाली.

'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे 'गिरमिट' झाले आणि त्यावर अंगठा उठविणारा गिरमिटिया ठरला. करार पाच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. परंतु एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा, असाही नियम होता. करार संपलेल्यासदेखील मोकळेपणाने हिंडता येत नसे. १८६७ च्या कायद्यान्वये त्याला आपले छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. परवाना नसला की तुरुंग.

या साडेचार लाखांत मराठी माणूस किती? अगदी थोडा. बहुसंख्य मजूर कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, म्हणजे बिहार व त्यालगतच्या मुलखातले भोजपुरी बोलणारे होते. त्यांच्या खालोखाल मद्रासकडील तमिळ व तेलुगू लोक. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा सर्वांत लहान. त्यांत कोकणपट्टीचे, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ, व काही घाटमाथ्यावरचे. बंदराच्या नावावरून बेटावर त्यांना 'बॉम्बे' हेच नाव पडले. आडनावांचीही तीच गत झाली. नोंद करणाऱ्या कारकुनाने मजुराच्या नावापुढे बापाचे नाव जसे कानी पडेल तसे फ्रेंच-इंग्रजी वळणाने लिहिले, आणि तेच पुढे घराण्याचे नाव होऊन बसले. अशा रीतीने गाव गेले, आडनाव गेले. उरली ती बोली आणि देवाचे नाव.

एवढ्याशा समाजाने हे उरलेले टिकविण्याची खटपट लौकरच आरंभिली. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९६ साली, मॉरिशसमधील हेन्रिएटा या गावी गणेशोत्सव सुरू झाल्याचे तेथील मराठी लोक सांगतात. त्या उत्सवात झाकरी नावाचा नाच असतो. कोकणातील जाखडीशी त्याचे नाते नावावरूनच ओळखू यावे. फेर धरून, ढोलकीच्या ठेक्यावर, गाण्याच्या ओळी एकाने सांगावयाच्या व इतरांनी झेलावयाच्या, अशी ती रीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांची पोथी ती हीच. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना तरी अक्षर कोठे येत होते? जात्यावर बसून म्हटलेल्या ओवीस कागद लागत नाही, हे खानदेशास निराळे सांगावयास नको.

तथापि तोंडी परंपरेला एक मर्यादा असते. म्हणणारा गेला की म्हणणे जाते. म्हणून पुढची पायरी आवश्यक झाली. १९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी मॉरिशसला काही दिवस थांबले होते. मुलांना शिकवा आणि देशाच्या कारभारात लक्ष घाला, असा त्यांचा तेथील हिंदी लोकांस उपदेश होता. दुसऱ्याच वर्षी, १९०२ साली, बेटाच्या पश्चिम भागातील कास्कावेल या गावी मराठी प्रेमवर्धक मंडळी स्थापन झाली. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याचे कारण नाही. पण काळाचा वारा एकाच दिशेने वाहत होता, इतके खास.

या नावाकडे लक्ष द्यावे. 'मंडळी' हा शब्द इकडे आपण घरच्या माणसांना, पंगतीला बसलेल्यांना लावतो. मॉरिशसमध्ये तोच शब्द संस्थेचे नाव बनला. आणि कार्य कोणते? तर प्रेम वाढविणे. उसाच्या मळ्यात दिवसभर राबून आलेली माणसे संध्याकाळी एकत्र जमत. भजन करीत, सण साजरे करीत आणि मुलांना बाळबोध अक्षरे गिरवावयास लावीत. अशा संध्याकाळच्या शाळेला त्या बेटावर 'बैठका' म्हणतात. सर्वच हिंदी समाजांत त्या होत्या. मळेवाल्याच्या दफ्तरात जो केवळ एक क्रमांक होता, तो या जागी आल्यावर कोणाचा काका, कोणाचा मामा होई. प्रेमवर्धक हे नाव त्या दृष्टीने अगदी सार्थ म्हटले पाहिजे.

पुढे गावोगाव अशा मंडळ्या निघाल्या आणि १९६० साली त्यांचा मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन हा संघ उभा राहिला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. १९७० साली तेथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली व हिंदी भाषांबरोबर मराठीच्या अध्ययनाचीही तेथे सोय झाली. शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय आहे. गणेश चतुर्थीस सर्व देशाला सरकारी सुट्टी असते. १९९१ साली दुसरी जागतिक मराठी परिषद त्याच बेटावर भरली. आणि २०२३ साली तेथील महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. अंगठ्याने आरंभ झालेल्या समाजाच्या दृष्टीने ही मजल सामान्य नव्हे.

असे असता या इतिहासाला एक दुखरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मंडळ्या वाढल्या, मंदिरे झाली, नाट्यस्पर्धा भरू लागल्या. परंतु घरातील मराठी हटत गेली. आज बेटावरील बहुतेक सर्व समाजांप्रमाणे मराठी घरांतही चुलीपाशी क्रिओल चालते. फ्रेंचातून उपजलेली ही बोली मुळात फ्रेंच अमदानीतील गुलामांमध्ये घडली. मराठी उरली आहे ती आरतीत, वर्गात आणि रंगभूमीवर. आजीने नातवाला रागे भरावे, भावंडांनी एकमेकांना चिडवावे, ते मात्र दुसऱ्या भाषेत.

खानदेशात नेमके याच्या उलट चित्र दिसते. येथे घरात अहिराणी आहे, तावडी आहे, आणि शाळेत, कचेरीत प्रमाण मराठी. मुले अहिराणी बोलली तर मागासलेली दिसतील, अशी भीती पुष्कळ आईबापांच्या मनात असते. तिकडे ज्यांच्या घरातून भाषा गेली ते ती मंडळीत बसून शिकत आहेत. इकडे ज्यांच्या घरात ती नांदत आहे ते तिला उंबऱ्याबाहेर काढावयास निघाले आहेत. यातील शहाणे कोणाला म्हणावे?

मंडळी भाषा जिवंत ठेवू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर मॉरिशसच्या अनुभवावरून दोन अंगांनी द्यावे लागेल. घराची जागा कोणतीही संस्था घेऊ शकत नाही, हे एक. परंतु संस्था नसती तर घरातून गेलेली भाषा पुन्हा कोठे सापडली नसती, हे दुसरे. विझलेल्या चुलीसाठी शेजारून विस्तव आणावा लागतो. तो राखून ठेवणारे एखादे घर गावात असावे लागते. १९०२ साली कास्कावेलच्या मजुरांनी ते घर बांधले. त्यांपैकी बहुतेकांची नावेही इतिहासात राहिली नाहीत. राहिले ते त्यांनी आपल्या संस्थेला दिलेले नाव. दिवसभर ऊस तोडून थकलेल्या हातांनी प्रेम वाढविण्याचे काम हाती घेतले होते, एवढे त्या नावावरून कळते, आणि तेवढे पुरे आहे.