कोपरगावचा वाडा आणि आनंदीबाई



आपल्या गावी गोदावरीच्या काठी राघोबादादांचा वाडा आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. वाडा पाहावयास आलेला मनुष्य दादांच्या अटकेच्या स्वारीची गोष्ट काढतो आणि आनंदीबाईंचे नाव निघाले, की ‘ध’ चा ‘मा’ एवढेच बोलून पुढे जातो. आज आपण या वाड्याकडे घर सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेने पाहू या.

पेशवाईत वाडे बांधण्याची एक रीत होती. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते आणि त्यावर सागवानी खांब. खांब जमिनीत पुरत नसत. ओल आणि वाळवी लागू नये म्हणून ते दगडी तळखड्यावर उभे करीत. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधल्या जागेस खण म्हणत आणि घर केवढे, ते खणांवरून सांगत. सुतार एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात असे घट्ट बसवी, की खिळ्याची गरज फारशी पडत नसे. घराचा भार लाकडी सांगाड्यावर असल्याने भिंत ढासळली तरी घर उभे राही.

वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड, त्यांना खिडक्या थोड्या. उजेड आणि वारा यायचा तो मधल्या चौकातून. पुढच्या ओसरीवर पुरुषांची बैठक आणि कारभार. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर हे बायकांचे राज्य. वैशाखातही माजघर गार राही. परंतु जी भिंत ऊन अडवते, ती माणसालाही अडवते. आनंदीबाईंना हे किती कळले असेल!

आनंदीबाई गुहागरच्या ओकांची लेक. त्या काळी लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया थोड्या; त्यांत या एक. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील ‘धरावे’ चे ‘मारावे’ बाईंनी केले, असे लोक सांगत आले. रामशास्त्र्यांनी मात्र दोष ठेवला तो दादांवर. पुढे दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले, लढाया झाल्या आणि 1782 साली सालबाईचा तह झाला. त्यात दादांना दरमहा 25,000 रुपये नेमणूक ठरली आणि ते कोपरगावी येऊन राहिले. जवळच हिंगणीसही त्यांनी नदीकाठी वाडा बांधावयास घेतला होता.

परंतु ते सुख वर्षभरही लाभले नाही. डिसेंबर 1783 मध्ये दादा वारले. पुढे दुसरे बाजीराव म्हणून गादीवर बसले, ते त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांचे. बाईंना दिवस गेलेले होते. मार्च 1784 मध्ये कोपरगावीच चिमाजीअप्पांचा जन्म झाला. घरात सुतक, पोटात मूल आणि दारावर पुणे दरबारची नजर! इतिहासाच्या पुस्तकात याला एक ओळ मिळते. आपल्यापैकी जिने बाळंतपण सोसले आहे, तिला त्या एका ओळीत काय दडले आहे ते सांगावयास नको. पुढे बाईंना मुलांसह नाशिकजवळ आनंदवल्लीस नेले. तेथेच 1794 साली त्यांचा अंत झाला. त्यांचे दोष मी झाकीत नाही. एवढेच म्हणते, की बाईचा न्याय एका अक्षरावरून करू नये.

आमच्या सासरचे घर काही पेशव्यांचा वाडा नव्हे. पाच खणांचे, वर पांढऱ्या मातीचे धाबे. दर मृगाच्या आधी सासूबाई नवी माती पसरून चोपून घेत, तेव्हा कोठे घर गळत नसे. वाटणीत ते पाडावे लागले. व्यापारी आला आणि तुळया मोजून घेऊन गेला. बाळंतिणीच्या खोलीत किती मुले जन्मली, हे मात्र कोणी मोजले नाही.

म्हणून मंडळास माझी विनंती आहे. गावात जुनी घरे अजून थोडी उरली आहेत. ती पाडण्यापूर्वी दोघीतिघींनी वही घेऊन जावे. खण किती, बांधले कोणी, माती कोठून आणली, हे तर लिहावेच. पण त्या घरी कोणत्या सुना नांदल्या, कोण कोठे बाळंत झाली, हेही घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावे. सागवान पुन्हा विकत मिळेल. त्या आठवणी पुन्हा मिळावयाच्या नाहीत.