शाळेची निवड आणि प्रिन्स एडवर्डचा इतिहास

आपल्या मुलाची शाळा पालकांनीं निवडावी आणि खर्चाचा भार सरकारनें उचलावा, हें मत अमेरिकेंत अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं १९५५ सालीं सविस्तर मांडलें. स्पर्धेनें शिक्षणांत विविधता व सुधारणा येईल, असा त्यांचा विश्वास होता. परंतु दक्षिणेकडील राज्यांत हीच योजना वर्णभेदाविरुद्धचा न्यायनिर्णय टाळण्यासाठीं सुचविली जात आहे, हें लेख लिहून झाल्यावर आपणांस कळलें, असें त्यांनींच त्याच लेखाच्या तळटीपेंत नमूद केलें आहे.

पुढें काय घडलें तें व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड परगण्यांत दिसतें. तेथील कृष्णवर्णीयांची शाळा इतकी अपुरी होती कीं, डांबरी कागद मारलेल्या खोपट्यांत वर्ग भरत. १९५१ सालीं बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पुढाकारानें मुलांनीं संप केला. त्यांतून उभा राहिलेला खटला १९५४ च्या सुप्रसिद्ध ब्राउन खटल्यांत समाविष्ट झाला आणि वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. तेव्हां परगण्याच्या कारभाऱ्यांनीं १९५९ सालीं शाळांस पैसा देणेंच थांबविलें. साऱ्या सरकारी शाळांस कुलपें लागलीं. गोऱ्या मुलांसाठीं खासगी विद्यालय निघालें व पुढें त्याच्या फीसाठीं पालकांस सरकारी अनुदानही मिळूं लागलें. कृष्णवर्णीयांपुढेंही तशाच खासगी शाळेची सूचना आली. परंतु ती स्वीकारणें म्हणजे सार्वजनिक शाळेवरील हक्क सोडणें होतें, म्हणून त्यांनीं ती नाकारली. कांहीं मुलें परगांवीं नातलगांकडे गेलीं, बरींचशीं घरींच बसलीं. १९६३ सालीं देणग्यांतून तात्पुरत्या मोफत शाळा निघाल्या. सरकारी शाळा १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरच उघडल्या.

एवढ्यावरून निवडीची कल्पनाच त्याज्य ठरते, असें आम्ही म्हणत नाहीं. १९९० सालीं मिलवॉकी शहरांत गरीब मुलांसाठीं अशी योजना आणण्यांत पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधि पुढें होत्या. श्रीमंतांस जी निवड आधींपासूनच आहे ती गरिबांस कां नसावी, या प्रश्नास उत्तर देणें सोपें नाहीं. स्पर्धेमुळें कांहीं ठिकाणीं सरकारी शाळा थोड्याबहुत सुधारल्याचेंही अभ्यासकांस आढळलें आहे. परंतु वर्गांतून चार मुलें गेलीं म्हणून शिक्षकाचा पगार कमी होत नाहीं कीं छपराची दुरुस्ती टळत नाहीं. मुलांच्या संख्येवर मिळणारा पैसा मात्र घटतो. यासाठीं अशा योजनेची परीक्षा बाहेर पडलेल्या मुलांवरून जितकी, तितकीच मागें राहिलेल्यांवरूनही झाली पाहिजे. त्यांची शाळा टिकविण्याची जबाबदारी जेथें कोणीच घेत नाहीं, तेथें निवडीचा अधिकार कांहीं जणांपुरताच उरतो, एवढें तरी प्रिन्स एडवर्डच्या इतिहासावरून आम्हांस स्पष्ट दिसतें.