बर्फावरील हॉकीचे पडद्यामागील सेवक



कोणत्याही खेळाचा इतिहास वाचावयास घ्यावा, तर त्यांत तीनच प्रकारचीं नांवें ठळकपणें आढळतात: खेळाडूंचीं, त्यांना शिकविणारांचीं आणि संघाच्या चालकांचीं. चौथा एक वर्ग या इतिहासाच्या समासांतसुद्धां क्वचित् दिसतो. नाटकांत प्रेक्षकांना राजा दिसतो, त्याचा मुकुट दिसतो. परंतु भर प्रवेशांत तो मुकुट घसरूं नये म्हणून आंतून पट्टी शिवून ठेवणारा रंगपटांतील मनुष्य कोणास दिसत नाहीं. त्याचें काम बिघडलें, तरच त्याची आठवण होते. आज ज्या लोकांविषयीं मी बोलणार आहें, ते अशा रंगपटांतीलच होत. खेळ हॉकीचा आहे. परंतु आपल्या परिचयाची मैदानावरील हॉकी नव्हे, तर कॅनडा आणि अमेरिका येथें बर्फावर खेळली जाणारी हॉकी. तेथील संघांत खेळाडूंचें सर्व सामान सांभाळणाऱ्या मनुष्यास साहित्य-व्यवस्थापक म्हणतात. हा हुद्दा ऐकून कोठीची किल्ली कमरेला लावलेला एखादा कारकून आपल्या डोळ्यांपुढें उभा राहील. वस्तुतः तो लोहार, शिंपी, मोची, परीट आणि पहारेकरी या सर्वांचीं कामें एकट्यानें करणारा कारागीर असतो.

मैदानावरील हॉकींत खेळाडूच्या हातीं एक काठी, पायांत बूट आणि नडग्यांवर संरक्षक, एवढें असलें म्हणजे बहुतेक भागलें. बर्फावरील हॉकीचें तसें नाहीं. तेथें चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची टणक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. तिनें उसळ्या मारूं नयेत म्हणून सामन्यापूर्वीं ती गोठवून ठेवतात. आणि कसलेल्या खेळाडूचा फटका बसला म्हणजे ती ताशीं दीडशे किलोमीटरहूनही अधिक वेगानें सुटते. खेळाडू पोलादी पात्यांच्या बुटांवरून धांवतात, एकमेकांस धडका देतात आणि भोंवतालच्या कठड्यावर आदळतात. म्हणून डोक्यापासून घोट्यापर्यंत प्रत्येक अवयवाला निराळें चिलखत लागतें. एका सामन्यासाठीं वीस खेळाडू सज्ज होतात. त्या वीस जणांचीं शिरस्त्राणें, हातमोजे, खांद्यांचे, कोपरांचे व गुडघ्यांचे संरक्षक, बूट, पातीं आणि काठ्या, हें सारें एका खात्याकडे असतें. शिवाय एकाची काठी दुसऱ्यास चालत नाहीं. कोणाला ती लवचीक हवी, कोणाला ताठ. कोणाच्या काठीचें टोंक अधिक वळलेलें, तर कोणाच्या काठीची लांबी अर्धा इंच कमी. हें सर्व त्या व्यवस्थापकास पाठ असावें लागतें.

सर्वांत नाजूक काम पात्याचें. स्केटचें पातें सुमारें तीन मिलिमीटर जाडीचें असतें. सुरीला लावावी तशी त्याला एकच धार लावीत नाहींत. धार लावण्याच्या चाकाची कड प्रथम हिऱ्याच्या टोंकानें कमानदार करून घेतात, आणि त्या फिरत्या कडेवरून पात्याचा तळ लांबीच्या दिशेनें नेतात. त्यामुळें तळाच्या मध्यभागीं एक उथळ पन्हळ पडते आणि तिच्या दोहों बाजूंस दोन धारा उभ्या राहतात. पन्हळ खोल असली, तर धारा बर्फांत चांगल्या रुततात व खेळाडूस झटकन् वळतां येतें. परंतु घसरण्याचा वेग कमी होतो आणि पाय लवकर थकतात. पन्हळ उथळ असली, तर वेग टिकतो, पण पकड सैल पडते. वजनदार खेळाडू बहुधा उथळ पन्हळ मागतो, हलका खेळाडू खोल. त्यांतही आज ज्या गांवीं खेळावयाचें, तेथील बर्फ मऊ कीं कठीण, याचा विचार करावा लागतो. दोन धारांपैकीं एक केसभर उंच राहिली, तरी वळणावर पाय दगा देतो. म्हणून धार लावून झाल्यावर पातें डोळ्यांसमोर आडवें धरून, त्यावर लहानशी पट्टी ठेवून, दोन्ही धारा एका पातळींत आहेत कीं नाहींत, हें तपासल्याशिवाय तो बूट खेळाडूच्या हातीं जात नाहीं.

सामना चालू असतांही या कामांत खंड पडत नाहीं. पातें गोलाच्या खांबावर किंवा दुसऱ्याच्या पात्यावर आपटलें कीं धार मोडते. खेळाडू लंगडत बाकापाशीं येतो आणि पाय वर करतो. पूर्वीं अशा वेळीं बूट उतरवावा लागे, नाहीं तर पात्याचे स्क्रू सोडवीत बसावें लागे. अलीकडील बुटांत कळ दाबली कीं पातें निघतें, आणि दुसरें बसविण्यास कांहीं सेकंद पुरतात. अर्थात् तें दुसरें पातें आधींच धार लावून, ज्याचें त्याच्या नांवानें बाकामागें मांडून ठेवलेलें असलें पाहिजे. खेळाडूचे ते सेकंद वांचावेत, म्हणून कोणी तरी सकाळचे दोन तास चाकापाशीं उभें राहिलेलें असतें.

या लोकांची रात्र कशी जाते, तेंही ऐकण्यासारखें आहे. हंगामांत प्रत्येक संघ ऐंशीच्यावर सामने खेळतो, आणि त्यांतील निम्मे परगांवीं. रात्रीं सामना संपला कीं घामानें ओथंबलेलें सामान थैल्यांत भरावयाचें, तें मालमोटारींतून विमानावर चढवावयाचें, आणि मध्यरात्र उलटल्यावर दुसऱ्या शहरीं उतरवावयाचें. तेथून खेळाडू विश्रामगृहाकडे जातात आणि हे लोक खेळगृहाकडे. ओले हातमोजे व बूट तसेच थैल्यांत राहिले, तर सकाळपर्यंत चामडें ताठरतें आणि दुर्गंधी सुटते. म्हणून झोंपेपूर्वीं प्रत्येक वस्तु ज्याच्या त्याच्या खुंटीवर वाळत घालावी लागते. सकाळीं खेळाडू येतो, तेव्हां त्याला त्याची जागा घरच्यासारखी मांडलेली दिसते.

हें खातें पूर्वीं असें स्वतंत्र नव्हतें. नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ सालीं स्थापन झाली. त्यानंतर कित्येक दशकें संघाबरोबर ट्रेनर या नांवाचा एक मनुष्य, फार तर त्याचा एखादा मदतनीस, असे. जखमेला पट्टी तोच बांधी, पाय तोच चोळी, पात्यांना धार तोच लावी. आणि सरावाच्या वेळीं गोलांत उभें राहण्याची पाळीही पुष्कळदां त्याच्यावरच येई. त्या काळीं संघांत गोलरक्षक एकच असे. तो जखमी झाला, तर खेळ थांबवून त्याला टांके घालीत व पुन्हां उभा करीत. तो उठूंच शकला नाहीं, तर मात्र ऐन वेळीं माणूस शोधावा लागे, आणि शोधणाऱ्यांची दृष्टि प्रथम या ट्रेनरकडे वळे.

२५ नोव्हेंबर १९५१ रोजीं शिकागो संघाचा गोलरक्षक हॅरी लम्ली डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यांत जखमी झाला. शिकागोचा सहायक ट्रेनर मो रॉबर्ट्स हा त्या वेळीं पंचेचाळीस वर्षांचा होता. तरुणपणीं, १९२५ सालीं, तो बोस्टनकडून गोलांत उभा राहिला होता. त्याला आतां पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. सामन्याचा शेवटचा तृतीयांश भाग तो खेळला आणि त्यानें एकही गोल होऊं दिला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हां आपल्या कामावर.

याहून नवलाची कथा डेट्रॉइटचा ट्रेनर लेफ्टी विल्सन याची. १९५३ सालीं आपल्याच संघाचा प्रसिद्ध गोलरक्षक टेरी सॉचक जखमी झाला, तेव्हां विल्सन गोलांत उभा राहिला. पुढें १९५६ सालीं डेट्रॉइटशीं खेळतांना टोरोंटोचा गोलरक्षक जायबंदी झाला, आणि १९५७ सालीं तोच प्रसंग बोस्टनवर आला. दोन्ही वेळां विल्सन पाहुण्या संघाचा पोशाख चढवून उतरला, म्हणजे ज्यांचें मीठ खाल्लें, त्यांच्याच विरुद्ध! बोस्टनसाठीं तो ५२ मिनिटें उभा राहिला, त्यानें एकच गोल होऊं दिला आणि सामना बरोबरींत सुटला. ज्यांच्या पात्यांना सकाळीं त्यानें धार लावली होती, त्यांचेच फटके तो संध्याकाळीं अंगावर घेत होता. त्याचे खेळाडू त्याला बोल लावीत नव्हते, कारण त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घ्यावी असें त्याचें कामच नव्हतें.

परंतु विल्सनची खरी कामगिरी याहून मोठी आहे. त्या काळचे गोलरक्षक उघड्या तोंडानें खेळत. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें अँडी बाथगेट याच्या फटक्यानें माँट्रियलचा गोलरक्षक झाक प्लांट याचें तोंड फुटलें. टांके घालून घेतल्यावर तो मुखवटा लावूनच परत आला. त्याच्या प्रशिक्षकास तें रुचलें नव्हतें. मुखवट्यानें दृष्टि अडते आणि तो लावणें भित्रेपणाचें लक्षण आहे, अशी तेव्हां समजूत होती. प्लांटनें ती मोडली. पुढें १९६२ च्या सुमारास, ज्याच्या चेहऱ्यावर शेंकडों टांके पडले होते त्या सॉचकनेंही मुखवटा धारण केला, आणि तो घडविला होता लेफ्टी विल्सन यानें. दुखापत झाल्यावर रक्त पुसणारा हात दुखापत टाळण्याच्या उद्योगास लागला, हा या इतिहासांतील महत्त्वाचा टप्पा होय.

हा टप्पा सुखासुखीं आला नाहीं. जानेवारी १९६८ मध्यें मिनेसोटाचा खेळाडू बिल मास्टर्टन डोकें बर्फावर आपटून मृत्यु पावला. त्यानंतरही अकरा वर्षें गेलीं, तेव्हां १९७९ सालीं नव्यानें येणाऱ्या खेळाडूंस शिरस्त्राण सक्तीचें झालें. ऑक्टोबर २०२३ मध्यें इंग्लंडांतील शेफील्ड येथें एका खेळाडूचा गळा दुसऱ्याच्या पात्यानें चिरून तो दगावला, आणि मग गळ्याच्या संरक्षकाचा आग्रह सर्वत्र सुरू झाला. नियम करणारे कागदावर एक ओळ लिहितात. परंतु तें शिरस्त्राण कपाळावर काचणार नाहीं, तो गळपट्टा मान वळवितांना अडणार नाहीं, आणि म्हणून खेळाडू तो गुपचूप काढून ठेवणार नाहीं, हें पाहणारा निराळाच असतो. नियमाचें रक्षण शेवटीं त्याच्या सुईदोऱ्यावर आणि स्क्रू पिळण्यावर अवलंबून राहतें.

१९६५-६६ च्या हंगामापासून प्रत्येक संघानें दोन गोलरक्षक सज्ज ठेवावे असा दंडक झाला, आणि ट्रेनरनें गोलांत उतरण्याचा काळ मागें पडला. हळूहळू जखमांचें काम एका खात्याकडे गेलें, सामानाचें दुसऱ्याकडे. तरी जुनी परंपरा एकदां पुन्हां डोकावली. ३१ डिसेंबर २०१६ रोजीं टॅम्पा येथें कॅरोलायना संघाचा दुसरा गोलरक्षक सामन्यापूर्वीं आजारी पडला. संघाचा साहित्य-व्यवस्थापक जॉर्ज अल्व्हेस हा पूर्वीं मरीन दलांत होता व लहान संघांतून गोलरक्षण केलेला होता. त्याच दिवशीं त्याच्याशीं करार झाला, त्याला पोशाख मिळाला. आणि तो पोशाख चढवूनही त्यानें बाकावरील आपलें नेहमींचें काम चालूच ठेवलें. सामना हातचा गेला होता, शेवटचे ७.६ सेकंद उरले, तेव्हां प्रशिक्षकानें त्यास गोलांत पाठविलें. त्याच्याकडे एकही फटका आला नाहीं. पण त्या साडेसात सेकंदांमुळें त्याचें नांव लीगच्या नोंदींत कायमचें दाखल झालें. वर्षानुवर्षें लावलेल्या हजारों पात्यांच्या धारेची मात्र त्या नोंदींत जागा नाहीं.

आतां एक शेवटची हकीकत. ऑक्टोबर २०२१ मध्यें सिॲटल शहरांत तेथील नव्या संघाचा स्वगृहींचा पहिला सामना व्हँकूव्हर संघाशीं होता. सतरा हजारांच्या घरांत प्रेक्षक होते आणि सर्वांचे डोळे बर्फावर होते. व्हँकूव्हरच्या साहित्य-खात्याचा एक सहायक आपल्या बाकामागें, प्रेक्षकांकडे पाठ करून, उभा होता. त्याच्या मागें कांचेपलीकडे बसलेल्या, वैद्यक शिकूं इच्छिणाऱ्या एका तरुणीचें लक्ष त्याच्या मानेवरील तिळाकडे गेलें. तिला तो तीळ बरा दिसला नाहीं. तिनें आपल्या फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून, हा तीळ कर्करोगाचा असूं शकेल, डॉक्टरांस दाखवा, असा निरोप कांचेला लावून त्याला दाखविला. त्यानें दाखविला, आणि तिची शंका खरी ठरली. तो त्वचेचा कर्करोगच होता. वेळेवर शस्त्रक्रिया झाली व त्याचे प्राण वांचले. १ जानेवारी २०२२ रोजीं त्याच दोन संघांच्या पुढील सामन्यास ती उपस्थित होती, आणि दोन्ही संघांनीं मिळून तिच्या वैद्यकीय शिक्षणासाठीं दहा हजार डॉलर देऊं केले.

त्या रात्रीं गोल कोणीं केले, हें नोंदवहींत सांपडेल. परंतु इतक्या प्रेक्षकांत एका व्यक्तीनें खेळाडूंकडे न पाहतां त्यांच्या सेवकाकडे पाहिलें, आणि त्या पाहण्यानें एक जीव वांचला. ज्याचें काम इतरांच्या देहाची काळजी वाहण्याचें, त्याच्या देहाकडे पाहणारें कोणी तरी असावें, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे.

या खेळाचा सर्वोच्च चषक स्टॅन्ली याच्या नांवाचा आहे. विजेत्या संघांतील लोकांचीं नांवें त्याच्या चांदीवर कोरण्याची प्रथा आहे, आणि कित्येक संघांनीं खेळाडूंच्या नांवांबरोबर आपल्या साहित्य-व्यवस्थापकांचींही नांवें त्यावर कोरविलीं आहेत. ही प्रथा मला फार योग्य वाटते. आपल्याकडेही प्रत्येक संघाच्या, नाटकाच्या, शाळेच्या आणि इस्पितळाच्या मागें असे हात असतातच. आपण चांदीवर नांव कोरूं शकत नसलों, तरी त्यांचें नांव काय, हें विचारून ठेवणें आपल्या हातीं आहे.