फाटकावरचा फळा

ज्याला नियम वाचता येत नाही त्याच्याच पाठीवर नियमाचा वळ सर्वांत खोल उमटतो, ही या देशाची जुनी रीत आहे. स्मृतिकारांनी शूद्रांसाठी शिक्षा लिहून ठेवल्या, आणि धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारही त्यांना नाकारला. मुंबईच्या गिरण्यांत हीच रीत नव्या वेषात आली.

उशिरा आल्यास दंड किती, कापड बिघडले तर भरपाई कोणाच्या माथी, कामावरून केव्हा काढणार, हे कामगाराला कळे ते जॉबरच्या तोंडून. माझे आजोबा एका गिरणीत रिंग खात्यात होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. नोटीस लागली की कुणी वाचून सांगेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

1928 च्या सार्वत्रिक संपात मालकांनी केलेले स्थायी आदेश हा वादाचा मोठा विषय होता. फॉसेट समितीपुढे त्यांची छाननी झाली. परंतु त्याच संपाच्या वेळी बाबासाहेबांनी आणखी एक प्रश्न ऐरणीवर आणला. धोट्यातून सूत ओढून घेताना त्याला तोंड लावावे लागे, म्हणून साचेखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता, त्यावर कोणाची सही नव्हती, तरी तो सर्वांत काटेकोरपणे पाळला जात होता. याचा अर्थ काय? लिहिलेल्या नियमाला जाब विचारता येतो. न लिहिलेल्या नियमाला पकडावे कुठे?

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1946 साली, औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कामाचे तास, हजेरी, रजा, गैरवर्तन, तक्रारीची दाद यांचे नियम लेखी करणे मालकावर बंधनकारक झाले. मसुद्यावर हरकत घ्यायला कामगारांना पंधरा दिवस मिळाले. मंजूर आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फाटकाजवळ आणि प्रत्येक खात्यात फळ्यावर लावायचे होते. आधी समजावून सांगा, मग पाळायला सांगा, हे तत्त्व कायद्यात आले.

पण फळा बोलत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला फळा आणि भिंत सारखीच. शिवाय शंभरांच्या आतला कारखाना या कायद्याबाहेरच राहिला, आणि 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर ही मर्यादा तीनशेवर नेली आहे.

माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील आजही न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवतात. शिकलेल्या मुलाने पदवी भिंतीवर टांगण्याआधी तो कागद घरी मोठ्याने वाचून दाखवावा. प्रत्येक कलमाला ‘हे का?’ असे विचारायला आईबापांना शिकवावे. आणि कागदावर नसलेला जो नियम मुकादम पाळायला लावतो, तो तारखेसह वहीत उतरवून ठेवावा.