अष्टप्रधानांची पदनामे आणि मराठी राज्यघटना

इ. स. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी मुजुमदार, सुरनीस, डबीर या फारसी वळणाच्या पदनामांऐवजी अमात्य, सचिव, सुमंत ही संस्कृत नावे रूढ केली. हा बदल केवळ भाषिक नव्हता. तो सार्वभौमत्वाचा उच्चार होता. प्रधानपदे तेव्हा वंशपरंपरागत नव्हती. छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीत मात्र ती घराण्यांत स्थिरावली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास मिळालेले पद त्याच्या वंशात चालले. मुद्रेत ‘मुख्य प्रधान’ असूनही लोकव्यवहारात फारसी ‘पेशवा’ हाच शब्द टिकला. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य यांची तर पदनामे कुळांची ओळख बनली. सारांश, संस्कृत नावे उरली. परंतु अधिकाराचा आधार नेमणुकीकडून जन्माकडे सरकला. राज्यघटनेचा अभ्यास केवळ पदनामांवरून करू नये, तो याचसाठी.