मेदिची घराण्याचा उत्तरकाळ आणि फ्लोरेन्समधील बरोक कला : भित्तिचित्रे व पाषाणजडावकाम

प्रस्तावना :

फ्लोरेन्सचे नाव घेताच कलेच्या अभ्यासकासमोर पंधरावे शतक उभे राहते. बरोक कलेचा विषय निघाला की मात्र रोमची चर्चा होते आणि फ्लोरेन्सच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. या उपेक्षेमागे एक जुना समज आहे. मेदिची घराण्याच्या अखेरच्या शतकात तोस्कानाचे लोकरीचे व्यापार बसले, कर वाढले, राजसत्ता दुर्बल झाली. तेव्हा कलाही निस्तेज झाली असणार, असे गृहीत धरले गेले. १९७४ मध्ये डेट्रॉइट व फ्लोरेन्स येथे भरलेल्या उत्तरकालीन मेदिची कलेच्या प्रदर्शनाने या समजाला मोठा धक्का दिला. राजकीय ऱ्हास आणि कलानिर्मिती यांचा संबंध इतका सरळ असतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात दरबारी चित्रे व दरबारी कार्यशाळा यांच्या आधारे केला आहे.

बाहेरून आलेले चित्रकार :

फ्लोरेन्सच्या बरोक चित्रकलेविषयी प्रथम लक्षात येणारी गोष्ट ही की, तिचे सर्वांत मोठे टप्पे परक्या चित्रकारांनी गाठले. १६३७ मध्ये पिएत्रो दा कोर्तोना हा रोममध्ये नावारूपाला आलेला चित्रकार प्रवासात फ्लोरेन्सला थांबला असता ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दो दुसरा याने त्याच्याकडून पित्ती राजवाड्यातील एका लहान दालनात मानवाच्या चार युगांची चित्रे आरंभिली. पुढे १६४१ पासून त्याने त्याच राजवाड्यातील ग्रहांच्या नावांची दालने रंगविण्यास घेतली. शुक्र, अपोलो म्हणजे सूर्य, मंगळ, गुरू आणि शनी असा हा क्रम आहे. पहिल्या दालनात मिनर्व्हा देवी तरुण राजपुत्राला शुक्रदेवतेच्या बाहुपाशातून ओढून हर्क्युलिसकडे नेते. राजपुत्राचे शिक्षण हाच या दालनमालिकेचा विषय होय. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार उपग्रह शोधून त्यांना मेदिची घराण्याचे नाव दिले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे ग्रहांची ही निवड निव्वळ पौराणिक वाटत नाही.

या दालनांचे खरे वैशिष्ट्य चित्र व नक्षी यांच्या मिलाफात आहे. छताच्या मध्यभागी ओल्या गिलाव्यावरील चित्र आणि त्याभोवती पांढऱ्या व सोनेरी रंगाचे स्टकोचे उठावकाम अशी ही रचना आहे. शुक्राच्या दालनात या उठावकामातच मेदिची पुरुषांची मुखचित्रे बसविली असून त्यांत त्या घराण्याने दिलेले दोन पोपही आहेत. चित्र कोठे संपते व नक्षी कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला पटकन सांगता येत नाही. कोर्तोना १६४७ मध्ये काम अपुरे टाकून रोमला परतला. उरलेले काम त्याचा शिष्य चिरो फेर्री याने १६६५ पर्यंत पूर्ण केले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्साय येथे ग्रहांच्या नावांची दालने सजविली, ती याच नमुन्यावर.

दुसरा टप्पा नेपल्सच्या लुका जोर्दानोचा. १६८२ ते १६८५ या काळात त्याने रिक्कार्दी घराण्याच्या वाड्यातील लांबट दालनाचे छत रंगविले. हा वाडा मुळात मेदिचींचाच. १६५९ मध्ये तो रिक्कार्दींनी विकत घेतला होता. आपल्या जुन्या धन्यांचे देवत्व छतावर रंगवून घेणारे हे नवे मालक पाहता, दरबारी निष्ठेचे मोल त्या समाजात किती होते याची कल्पना येते.

पाषाणातील चित्रकला :

चित्रकार बाहेरून आणावे लागले, तरी दगडाच्या कामात फ्लोरेन्सला कोणाकडे पाहावे लागले नाही. फेर्दिनान्दो पहिला याने १५८८ मध्ये दरबारी कारागिरांची एक संघटित कार्यशाळा स्थापन केली. कठीण दगडांचे जडावकाम ही तिची ख्याती. आपल्याकडे या प्रकाराला पच्चीकारी म्हणतात. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आममध्ये सिंहासनामागे असलेला ऑर्फियसचा जडावफलक फ्लोरेन्सचाच मानला जातो. मात्र मोगल पच्चीकारीचे मूळ इटालियन की देशी, हा वाद त्याने मिटत नाही.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दगडाच्या काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढल्या जात. आराखड्याचा कागदी तुकडा चकतीवर चिकटवून, लाकडी धनुष्याला ताणलेली तार व ओली कुरुंदाची भुकटी यांच्या साहाय्याने ती बाह्यरेषेवरून कापीत. मग कडा घासून तुकडे एकमेकांशी असे जुळवीत की सांधा दिसू नये, आणि मेण व राळ यांच्या मिश्रणाने ते पाटीच्या दगडावर बसवीत. रंग कोठेही लावलेला नसे. पाकळीवरची छटा हवी असेल तर ती छटा मुळातच असलेला अकीक शोधावा लागे. त्यामुळे दगड निवडणाऱ्याची नजर येथे चित्रकाराचेच काम करी. निळाईसाठी लाजवर्द दूर अफगाणिस्तानातून येई, तर कॅल्सेडनी जवळच्या व्होल्टेर्राहून. एवढे श्रम व खर्च मागणारी कला बाजारावर जगू शकत नाही. तिला राजाश्रयच लागतो.

या महत्त्वाकांक्षेची परिसीमा म्हणजे सान लोरेन्झो चर्चला जोडलेले मेदिची समाधिमंदिर. १६०४ मध्ये काम सुरू झाले. भिंती रंगीत दगडांनी मढविताना घराणे संपले, आणि फरशी पूर्ण झाली ती १९६२ मध्ये.

फोज्जिनी आणि गोव्याचे स्मारक :

कोझिमो तिसरा (कारकीर्द १६७० ते १७२३) याला इतिहासकारांनी फारसे बरे म्हटलेले नाही. धर्मभोळा व करांनी प्रजेला पिळणारा अशी त्याची प्रतिमा आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु याच राजाने १६७३ मध्ये रोममध्ये तोस्कानाच्या तरुणांसाठी कलाशाळा काढली. तेथे चिरो फेर्री व शिल्पकार एर्कोले फेर्राता शिकवीत. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी (१६५२–१७२५) हा तेथील विद्यार्थी. पुढे १६९४ मध्ये दरबारी कार्यशाळेची सूत्रे त्याच्या हाती आली आणि सपाट जडावकामाला त्याने ब्राँझ व उठावदार दगडी फळाफुलांची जोड दिली.

फोज्जिनीचे एक मोठे काम फ्लोरेन्समध्ये नाही. ते जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाल्यावर कोझिमोने परतभेट म्हणून हे स्मारक करविले, असे परंपरेने सांगितले जाते. रंगीत दगडांचा चौथरा आणि त्यावर संताच्या चरित्रातील प्रसंगांचे चार ब्राँझफलक अशी त्याची रचना आहे. सुटे भाग पेट्यांत भरून प्लाचिदो रामपोनी हा कारागीर एका सहकाऱ्यासह १६९७ मध्ये निघाला, लिस्बनमार्गे गोव्यास पोहोचला आणि १६९८ मध्ये त्याने स्मारक जागेवर उभे केले. त्याचा प्रवासवृत्तान्त उपलब्ध आहे.

हे स्मारक आले तेव्हाचा गोवाही सुस्थितीत नव्हता. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या दारी आल्या असता व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने याच संताच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला होता, ही हकीकत मराठी वाचकांना अपरिचित नाही. उतरणीला लागलेल्या एका दरबाराने उतरणीला लागलेल्या दुसऱ्या राजधानीस पाठविलेली ही भेट होती. तीत कारागिरी मात्र यत्किंचितही उणी पडलेली नाही.

१७३७ चा करार :

१७३७ च्या जुलै महिन्यात जान गास्तोने निपुत्रिक मरण पावला आणि तोस्काना लोरेनच्या घराण्याकडे गेले. त्याची बहीण आन्ना मारिया लुईसा हिने त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी नव्या राज्यकर्त्याशी करार केला. घराण्याची चित्रे, शिल्पे, रत्ने, ग्रंथ आणि मौल्यवान वस्तू राज्याच्या शोभेसाठी, जनतेच्या उपयोगासाठी व परदेशीयांच्या जिज्ञासेसाठी फ्लोरेन्समध्येच राहतील, ही त्यातील अट. नवीन घराण्याने ती सर्वस्वी काटेकोरपणे पाळली असे नव्हे. तरी पित्ती व उफ्फिझी येथील संग्रह मुख्यतः अखंड राहिले ते या अटीमुळे. कार्यशाळाही बंद पडली नाही. आज ती पाषाणकामाचे संग्रहालय व इटलीतील जीर्णोद्धारशास्त्राची एक प्रमुख संस्था म्हणून फ्लोरेन्समध्ये कार्यरत आहे. गोव्यातील स्मारक या कराराच्या चाळीस वर्षे आधीच समुद्रापार गेले होते. स्थानिक सोनारांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात घडविलेली चांदीची पेटी आजही फोज्जिनीच्या त्या दगडी चौथऱ्यावर आहे.