लग्नाच्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर

व्हीएचएस फितीवरचे घरगुती चित्रण व्हीसीआरवर चालवून संगणकात उतरवणे आणि तिथून डीव्हीडीवर किंवा फाइलच्या रूपात साठवणे. ग्रामीण महाराष्ट्रात अशा फिती मुख्यतः लग्नाच्या. बारसे, वास्तुशांत, जागरण-गोंधळ यांचा क्रम त्यानंतर लागतो.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आणली. भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ पसरला आणि पुढे खेड्यातल्या लग्नांतही फोटोवाल्याबरोबर शूटिंगवाला दिसू लागला. बारामती तालुक्याच्या जिरायती भागातले लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुन मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाच्या शिल्पासाठी ओळखले जाते. शिल्पांची छायाचित्रे अभ्यासकांनी काढली. पण अशा गावांतली त्या काळची माणसे, दारातले मांडव, पंगती हलत्या चित्रात सापडतात त्या बहुधा या कॅसेटमध्येच. म्हणून ‘लग्नं तर सगळ्यांचीच सारखी’ असे म्हणून कॅसेट भंगारात घालणे शहाणपणाचे नाही.

तयार कॅसेटचा साचा ठरलेला असे. बदामात वधूवरांची नावे, मग गणपती, हळद, मुंडावळ्या, रुखवत. हॅलोजनचा झोत तोंडावर आला की बायका पदर सावरत आणि म्हातारी माणसे फोटोला बसल्यासारखी ताठ होत. कॅमेरा पुढे सरकेपर्यंत कोणी हलायचे नाही. मिक्सिंग करताना बहुतेक वेळा मूळ आवाज काढून हिंदी-मराठी चित्रपटगीते भरली जात. त्यामुळे मंगलाष्टके, लाउडस्पीकरवर पुकारलेला आहेर, उखाणा घेताना आजीची उडालेली गडबड हे सारे घरच्या कॅसेटमधून गायब असते. ते मिळाले तर मिक्सिंग न झालेल्या मूळ फितीवर मिळते. पण शूटिंगवाल्याने ती फीत पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली नसली तर. तरीही रूपांतराआधी त्याच्याकडे चौकशी करावी, आणि नवरीच्या माहेरी दुसरी प्रत आहे का तेही पाहावे. एकाच लग्नाच्या दोन प्रतींत बराच फरक असू शकतो, कारण प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी चित्र पुसट होते.

फीत अर्धा इंच रुंद असते. भारतातल्या पाल पद्धतीत व्हीसीआरचे हेड असलेला ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि फितीवरच्या तिरक्या रेषांतून चित्र वाचतो. हेड मळले की पडद्यावर मुंग्या येतात, ट्रॅकिंग सुटले की आडवा पट्टा दिसतो. फितीचे खरे शत्रू ओल आणि उष्णता. कोकणात बुरशी लवकर धरते. लोणी भापकरकडच्या कोरड्या हवेत तिचा त्रास त्या मानाने कमी, पण धूळ आणि उन्हाळ्यात तापणारा पत्रा आहेच. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागते. तुटलेल्या फितीला घरचा सेलोटेप लावू नये, त्याचा डिंक हेडला चिकटतो.

चांगली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतात, म्हणजे फीत सैल पडलेली असेल तर नीट गुंडाळली जाते. मग कॅप्चर उपकरणातून चित्र संगणकात जाते. इथे घाई चालत नाही : तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. चित्र थरथरत असेल तर टाइम बेस करेक्टर लावतात. लहान दुकानांत तो क्वचितच असतो.

२००० च्या आगेमागे अनेक घरांनी कॅसेटची व्हीसीडी करून घेतली. तिचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे आणि एका चकतीवर जेमतेम सव्वा तास, म्हणजे एका लग्नाच्या तीन चकत्या. डीव्हीडीवर ७२० × ५७६ बिंदू येतात, ४.७ जीबीच्या चकतीत साधारण दोन तास नीट बसतात, तीन तास कोंबले की चेहरे चौकटी-चौकटींचे होतात. घरात व्हीसीडी असली तरी मूळ कॅसेटवरून पुन्हा रूपांतर करणे म्हणूनच योग्य. घरी लिहिलेल्या चकतीतला रंगथर ऊन-उष्णतेने उतरतो आणि नव्या लॅपटॉपला चकतीचा कप्पाच नसतो. तेव्हा चकती नातेवाइकांना वाटायला ठीक. जपायची प्रत फाइलच्या रूपात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांना चुंबकीय फितींबद्दल सावध करण्यात आले : फिती टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रे मिळणार नाहीत. गावोगावच्या घरांनाही हाच इशारा लागू पडतो. दुकान निवडताना दर नंतर विचारावा, आधी चालू व्हीसीआर आहे का ते पाहावे. चित्रपटगीते भरलेले लग्न यूट्यूबवर चढवल्यास गाण्याच्या हक्कदाराचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो. मूळ आवाजाची फीत हाती असेल तर ही अडचण फारशी येत नाही.